विहिरीच्या ढिगाऱ्यावर बिनपाण्याची बाग

तुमच्या मळ्यात विहीर असेल तर तिच्या शेजारी एक ढिगाराही असेल. विहीर खोदताना निघालेला मुरूम, मांजऱ्या, सुरुंगाने फुटलेले काळ्या पाषाणाचे लहानमोठे दगड, सारा माल तेथेच पडलेला असतो. त्यावर नांगर चालत नाही, पीक येत नाही, आणि उचलून न्यायचा तर ट्रॅक्टरच्या खेपांचा खर्च परवडत नाही. चार पावसाळे गेले की त्यावर घाणेरी आणि वेडी बाभूळ माजते आणि विंचूकाट्याला घर मिळते. देवगाव रंगारीहून कन्नडकडे जा की वैजापूरकडे, असे ढिगारे जागोजाग दिसतात. वस्तीवरचे घर बहुधा विहिरीजवळच असते, म्हणजे हा ढिगारा रोज दारातून दिसतो.

या ढिगाऱ्याची, किंवा अंगणातल्या उघड्या खडकाची, चांगली बाग होऊ शकते. शहरात तिला रॉक गार्डन म्हणतात. हा शब्द ऐकला की अनेकांना चंदीगडची नेकचंदांची बाग आठवते. ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण ती फुटक्या बांगड्या आणि कपबशांतून घडवलेल्या मूर्तींची बाग आहे. आपण बोलतो आहोत ती झाडांची, दगडाच्या फटीत जगणाऱ्या झाडांची.

हे सारे कशासाठी, असे घरातले वडीलधारे विचारतील. त्यांना पाण्याचा हिशेब दाखवा. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने विहिरीवर आणि नशिबावर. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांनी सोसला. २०१२-१३ चा तर मुलांनीही पाहिला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वस्तीवर टँकर येऊ लागला की पिण्याला किती, गुरांना किती, धुण्याला किती, हे घरच्या बाईला ठरवावे लागते. तेव्हा गुलाबाला कोण विचारतो? लेकीने हौसेने लावलेला गुलाब चैत्रात वाळतो आणि पुढच्या वर्षी ती काहीच लावीत नाही. म्हणून झाड निवडताना आधी एकच प्रश्न विचारावा: ज्या वर्षी टँकर येईल त्या वर्षी हे झाड जगेल का? जगेल असे वाटत नसेल तर ते कितीही देखणे असो, ढिगाऱ्यावर त्याला जागा नाही.

झाड पाणी कसे राखते

कोरफड, निवडुंग, घायपात ही झाडे पानात नाहीतर खोडात पाणी साठवतात, हे आपण पाहतोच. पण त्यांची खरी युक्ती डोळ्यांना दिसत नाही. ज्वारी असो की आंबा, बहुतेक झाडे पानांवरची बारीक छिद्रे दिवसा उघडतात आणि हवेतला कार्बन वायू आत घेतात. छिद्रे उघडली की आतले पाणी उन्हात उडून जाते. कोरफडीसारखी झाडे हा व्यवहार रात्री करतात. हवा गार असताना छिद्रे उघडायची, वायू आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवायचा, आणि दिवस उगवला की दारे लावून त्या साठ्यावर अन्न तयार करायचे.

ही गोष्ट प्रथम जगापुढे आली ती आपल्या देशातल्या एका पानावरून. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतितज्ज्ञ दक्षिण हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट, असे त्याने १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळविले. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात वापरले जाते, म्हणून चव बदलते. (हा प्रयोग तुम्ही चाखून करू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ती जास्त खाल्ल्याने जनावरे दगावतात.)

घोळ आणि चिवळ या आपल्या पातळभाजीतल्या भाज्यादेखील मांसल पानांच्या याच प्रकृतीच्या. तेव्हा मांसल झाडे ही काही शहरातल्या काचघराची मिरासदारी नव्हे.

ऊन मारीत नाही, पाणी मारते

आता मुद्द्याचे. अशा बागा बसतात त्या बहुतेक भाद्रपद-आश्विनात, उन्हाळ्यात नव्हे. परतीचा पाऊस सलग चार-पाच दिवस लागतो, काळी माती चिखल धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुडखा सडतो. वरून झाड हिरवेगार दिसते. हात लावला की उपटून हातात येते. मग माणूस म्हणतो, आमच्याकडे हे झाड होत नाही. होते, पण काळ्या मातीच्या खड्ड्यात होत नाही.

ढिगाऱ्याचा उपयोग येथेच आहे. मुरमात पाणी थांबत नाही. शहरातले लोक ज्यासाठी वाळू, खडी विकत आणतात ते आपल्याकडे फुकट पडलेले आहे. फक्त ते नीट रचले पाहिजे.

काम मार्च-एप्रिलात काढा, सकाळच्या उजेडात. दगड हाताने उचलू नका. पहारीने उलथा, खाली पाहा, मग हात घाला. ढिगाऱ्यात साप आणि विंचू असतातच. मोठे दगड आधी बसवा. प्रत्येक दगडाचा निदान तिसरा हिस्सा मुरमात गाडला गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात तो घरंगळतो आणि खाली मूल खेळत असेल तर अनर्थ होतो. दगडांमधल्या पोकळ्या मुरूम ठोकून भरून टाका. पोकळी ठेवली की पुन्हा विंचवाला घर.

दगड कसे मांडावे हे शिकायला पुस्तक नको. वेरूळला गेलात तर लेण्यांच्या वरचा डोंगर पाहा. आपल्या पाषाणाचे थर आडवे असतात, एकावर एक अंथरल्यासारखे. तुमचे दगडही तसेच आडवे, एकाच रोखाने बसवा. उभे टोकदार दगड रोवून चुन्याने पांढरे केले की बाग दिसत नाही, एस. टी. स्टँड दिसतो. हे माझे मत. कोणाला पांढरा रंग आवडत असेल तर माझी तक्रार नाही, पण झाडाला त्याचा काही उपयोग नाही.

झाडापुरत्या खळग्यांत भरायचे मिश्रण असे करा: दोन घमेली बारीक मुरूम, एक घमेले भरड वाळू किंवा विटांचा चुरा, एक घमेले पोयटा आणि अर्धे घमेले पुरते कुजलेले जुने शेणखत. कच्चे शेण घालू नका, मूळ जळते. युरिया तर मुळीच नको. त्याने झाड पिठूळ, पाणीदार वाढते आणि पहिल्या पावसात सडते. मिश्रण भरून झाले की एक घागर पाणी ओतून पाहा. घटकाभरात पाणी उतरले नाही तर आणखी मुरूम घाला. बागेसाठी मुद्दाम खर्च करायचे पाणी तेवढेच. पहिल्या वर्षी अगदी गरज पडलीच तर थोडेसे द्यावे लागेल, ते पुढे सांगते.

आधी आपल्या डोंगरातली झाडे

गावाच्या गायरानावर भर वैशाखात काय हिरवे आहे ते पाहून या. झाडांची यादी तेथेच तयार होते.

तरवड हे माझे पहिले नाव. पिवळ्या फुलांचे घोस, मुरमाड जमिनीची आवड, आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. चरून उजाड झालेल्या माळावरही तरवड उभा असतो तो त्यामुळेच. पूर्वी चामडे कमावायला त्याची साल वापरीत. पावसाच्या तोंडावर शेंगांतले बी टोकले की झाले. त्याच्या जोडीला पिवळी कोरांटी लावा, काटेरी आहे पण चिवट.

मांसल झाडांत वई निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग हे आपले जुने कुंपणाचे गडी. ढिगाऱ्याच्या मागच्या अंगाला एखादाच लावा. उंच होतो, आणि पुढची सारी मांडणी त्याच्यासमोर शोभते. त्याच्या चिकाबद्दल पुढे सांगणारच आहे. हाडसांधी, म्हणजे चौधारी कांडवेल, दगडांवरून लोंबती सोडा. तिचे एक पेर रोवले तरी लागते. कोरफड तर घरोघर आहेच. तिची पिल्ले काढून दगडाच्या पूर्वेच्या अंगाला लावा. उन्हाळ्यात तिची पाने तांबूस-तपकिरी होतात. हा रोग नव्हे, उन्हाचा रंग आहे, पाऊस पडला की पुन्हा हिरवी होते. तो रंग पाहून घाबरून लोक पाणी घालत सुटतात आणि तेथेच कोरफड मरते.

केकताड, म्हणजे घायपात, मूळचे अमेरिकेचे, पण आता आपल्यातलेच झाले आहे. त्याच्या पानांचा वाख काढून दोर वळणारे हात आपल्या गावागावांत होते. याला जागा मोठी लागते, चहूबाजूंनी निदान सहा फूट मोकळे सोडा. वाटेच्या कडेला लावू नका, आणि लावलेच तर पानांची टोके कात्रीने छाटून टाका. ती सुईसारखी डोळ्यात जातात. वर्षानुवर्षे नुसते पानांचे राहून एके वर्षी ते मधून उंच दांडा टाकते, फुलते आणि मरते. पण दांड्यावर शेकडो इवली रोपे तयार होतात, ती वाटून संपत नाहीत.

माकडशिंग तुम्हाला माहीत असेल. गुराखी पोरे त्याची कोवळी कांडी चघळतात. ते आणि त्याच्या जातीची इतर झाडे डोंगरातून उपटून आणू नका, असे कळकळीने सांगावेसे वाटते. याच कुळात शिंदळ माकुडी नावाचे एक झाड आहे. डॅलझेल या वनस्पतितज्ज्ञाने १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिले. जगात ते केवळ आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांत, शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवर उगवते. तेथून ते संपले तर कायमचेच संपले. आपल्या शेजारचे गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तेथून तर काडीसुद्धा उचलणे गुन्हा आहे. माकडशिंग हवेच असेल तर ज्याच्या बांधावर आहे त्याच्याकडून बोटभर तुकडा मागा. तुकड्याने ते लागते, मुळासकट काढायची गरजच नाही.

पाहुणी झाडे, आणि रंगाची एक गोष्ट

आता बाहेरून आलेल्यांपैकी कोणती घ्यावी? देवचाफा घ्याच. पाने गळून उघड्या फांद्यांवर उन्हाळ्यात फुले येतात, आणि दुष्काळात त्याच्याएवढे सोशिक फुलझाड विरळा. सदाफुलीला बियाणे विकत घ्यावे लागत नाही. ऑफिस टाइम, ज्याला काही ठिकाणी चिनी गुलाब म्हणतात, दहाच्या उन्हात फुलते. त्याचे दोन इंच तुकडे दगडांच्या फटीत खोचले की पावसाळाभर रंगच रंग. ते कडक उन्हाळ्यात मागे पडते, पण बी पडून पुन्हा उगवते. बोगनवेल एकच लावा आणि दरसाल छाटा, नाहीतर ती सारा ढिगारा गिळते.

अडेनियमचा आता नर्सरीत फार बोलबाला आहे. खोड फुगीर, फुले गुलाबी. मूळचे आफ्रिका-अरबस्तानातले, म्हणून ऊन त्याला मानवते. पण हिवाळ्यात पाने गाळून झोपते तेव्हा पाणी घातले की खोड सडते. नर्सरीत डोक्यावर तांबडा-पिवळा गोळा असलेले इवले निवडुंगही मिळतात. ते दुसऱ्या निवडुंगावर केलेले कलम असते, आणि त्या रंगीत गोळ्याला स्वतःचा हिरवा रंग नसल्याने तो स्वतःचे अन्न करू शकत नाही. आपल्या वैशाखात तो उघड्यावर भाजून निघतो. जत्रेत मुलाने हट्ट केला तर घ्या, पण ओसरीवर ठेवा.

फड्या निवडुंगाविषयी मात्र थांबून विचार करा. गावाच्या नावातच रंगारी आहे, म्हणून ही गोष्ट सांगते. या निवडुंगावर एक पांढरा कापसासारखा किडा राहतो. त्याच्या जातभाईपासून किरमिजी रंग मिळतो, तो त्या काळी सोन्याच्या मोलाने विकला जाई. हा व्यापार हाती यावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, ब्राझीलहून किडे हिंदुस्थानात आणले. पण आले ते दुसऱ्याच हलक्या जातीचे. रंग काही चांगला साधला नाही, उलट किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे फड्याच्या इतर जाती दख्खनभर, दक्षिणेत इतक्या माजल्या की चराऊ जमिनी अडल्या. तेव्हा १९२६ मध्ये सिलोनहून दुसरा किडा मुद्दाम आणून सोडला, आणि काही वर्षांतच मोठमोठी बेटे बसली. म्हणून फड्याचा छाटलेला तुकडा उकिरड्यावर, ओढ्यात कधी टाकू नका. एकेक पान मूळ धरते. पानफुटीचेही तसेच, तिच्या तर पानाच्या कडेलाच रोपे फुटतात.

बिनकाट्याचा निवडुंग ही गोष्ट वेगळी. उरुळी कांचनची बायफ आणि झाशीची चारा संशोधन संस्था यांनी चाऱ्यासाठी त्यावर काम केले आहे. त्याच्या पानात पाणीच फार, म्हणून तो एकटा खाऊ घातला तर जनावर पातळ हगते. कडब्याच्या कुट्टीत तुकडे करून थोडथोडा मिसळावा. ढिगाऱ्याच्या मागे दोन रांगा लावून ठेवल्या तर टंचाईत शेळ्यांना आधार होतो.

चीक, शेळ्या आणि मुले

हा भाग कोणी वगळू नका. वई, त्रिधारी, शेर, विलायती शेर, आणि बारमाही तांबड्या फुलांचा काटेरी युफोर्बिया, या साऱ्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर असह्य आग होते, बुबुळ सुजते, वेळेवर इलाज न झाल्यास नजरही जाऊ शकते. छाटणी करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, जमल्यास चष्मा लावा, आणि काम संपेपर्यंत घाम पुसायला हात तोंडाकडे नेऊ नका. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे धरा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तूप, मध, दूध असले काही घालू नका.

अडेनियमचा रस तर आफ्रिकेत शिकारी बाणांना विष म्हणून लावीत. कण्हेरही विषारीच. घरी शेळ्या किंवा रांगती मुले असतील तर ही दोन्ही झाडे लावूच नका. त्यांच्यावाचून बागेचे काही अडत नाही. शेर लावायचा तर मागच्या अंगाला, मुलांचा हात पोचणार नाही तेथे.

लावणी आणि पहिले वर्ष

निवडुंग, देवचाफा, शेर यांच्या फांद्या वैशाखात कापा आणि आठ-पंधरा दिवस सावलीत तशाच पडू द्या. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली पाहिजे. ओली फांदी लावली तर सडणार हे ठरलेले. ज्येष्ठात, मृगाच्या आधी, कोरड्या मिश्रणात रोवा आणि पाणी न घालता पावसाची वाट पाहा. कोरफडीची पिल्ले आणि केकताडाची रोपे पहिले दोन पाऊस झाल्यावर लावली तरी चालतात. काळा दगड मे महिन्यात हात लावू देत नाही इतका तापतो, म्हणून लहान रोप दगडाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला लावा. दुपारची सावली त्याला दगडच देतो.

पहिल्या उन्हाळ्यात पाने थोडी सुरकुततील. सुरकुती म्हणजे झाड साठ्यातले पाणी वापरते आहे, ते मरते आहे असे नव्हे. अगदीच मलूल दिसले तर भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी पंधरवड्यातून एकदा, संध्याकाळी, तांब्याभर बुडाशी द्या. दुसऱ्या वर्षापासून तेही नको. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या दात घासायच्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासून काढा.

यातले जवळजवळ काहीच विकत घ्यावे लागत नाही. तरवडाचे बी गायरानावर, कोरफड शेजारणीकडे, देवचाफ्याची फांदी देवळाच्या पुजाऱ्याला विचारून. केकताडाची रोपे तर जुन्या बांधांच्या कडेला पडलेलीच असतात. नर्सरीत जायचेच असेल तर पाऊस नीट लागल्यावर जा, आणि घेण्याआधी झाडाचा बुडखा बोटाने दाबून पाहा. मऊ लागला तर तेथेच ठेवून या.